निदान लागलं नाही तर सेवा कशाची करायची?



गेल्या महिन्यात आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला. ऐकायला अगदी लहान आहे, पण त्यावरून आम्हा चौघांत तीन दिवस धड बोलणं नव्हतं. म्हणून तो आज आपल्या सगळ्यांपुढे मांडते.

आमच्याकडे बडोद्याला, दांडिया बाजारातल्या घरात, एक गिनीपिग आहे. नाव लाडू. मुलगा तिसरीत असताना हट्ट करून आणलेला. मुलगा आता नववीत आहे आणि लाडू सहा वर्षांचा. हा प्राणी साधारण ५ ते ८ वर्षं जगतो, म्हणजे आमचा लाडू आता आजोबाच झाला. कोथिंबिरीच्या पिशवीचा आवाज आला की अजूनही "वीक वीक" ओरडतो, पण पूर्वीसारखा धावत येत नाही.

गणपतीनंतर त्याचं वजन उतरायला लागलं. आम्ही दर रविवारी त्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवतो. हा प्राणी आजार लपवतो. रानात दुबळा दिसला की शिकार होणार, हे त्याच्या रक्तातच आहे. त्यामुळे चेहरा बघून काही कळत नाही, काटा बघूनच कळतं. १ किलो ५० ग्रॅमवरून दोन महिन्यांत ८२० ग्रॅम झालं.

डॉक्टरांनी दात बघितले, कारण यांचे दात जन्मभर वाढत असतात आणि वाकडे वाढले की खाणं थांबतं. दात ठीक. एक्स-रे काढला, खडा नाही. रक्त, लघवी, सगळं तपासलं. शेवटी डॉक्टर प्रामाणिकपणे म्हणाले, "ताई, नक्की काय झालंय ते मला सांगता येत नाही. पोटात अन्न जात राहू द्या, एवढंच हातात आहे."

गिनीपिगचं आतडं सतत चालतं राहावं लागतं. अर्धा-एक दिवस उपाशी राहिला तरी जिवावर बेतू शकतं. म्हणून गवताची पूड पाण्यात कालवून, सुई नसलेल्या सिरिंजने, दर तीन-चार तासांनी भरवायचं. रात्री २ वाजताही.

आणि इथे वाद सुरू झाला.

आमचे हे म्हणाले, "चार फेऱ्या झाल्या, साडेसहा हजार गेले. ज्या आजाराला नावच नाही, त्याच्यावर किती दिवस खर्च करायचा?" मुलगा चिडून खोलीत जाऊन बसला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अगं, भरत राजाचं हरीण आठव. एवढा मोठा तपस्वी, पण पाडसात जीव अडकला आणि पुढचा जन्म हरणाचा आला. माया वेगळी आणि मोह वेगळा."

मला उत्तर सुचलं नाही. खरंच, हा मोह तर नाही ना?

त्याच आठवड्यातली एक रात्र. दोनचा गजर वाजला, मी लाडूला टॉवेलात गुंडाळून ओट्यापाशी बसले. सासूबाई जाग्याच होत्या. वर्षभर त्यांना चक्कर येते, पाय बधिर होतात, जेवण जात नाही. त्या येऊन शेजारी बसल्या. थोडा वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "याचंही माझ्यासारखंच झालंय गं. रिपोर्ट चांगले, आणि जीव मात्र खाली खाली."

खरं सांगते, सिरिंज हातातच राहिली.

कारण गेल्या वर्षभरात मी त्यांना कितीदा म्हणाले असेन, "आई, रिपोर्ट तर नॉर्मल आहेत." त्यात धीर कमी आणि कंटाळा जास्त होता. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं असतं, तर मी पथ्य सांभाळलं असतं, औषधाच्या वेळा फ्रिजवर चिकटवल्या असत्या. नाव नाही म्हणून मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की दुखणंही फारसं नाही.

मला वाटतं, आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे होतं. उपचाराला निदान लागतं, हे खरं. पण सेवेला कशाला लागतं? तहान लागलेल्याला पाणी देताना आपण तहानेचं कारण विचारत नाही. एकनाथ महाराजांनी रामेश्वराला न्यायची कावड तहानेल्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. समोरचा जीव तळमळतोय, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

आता भरत राजाबद्दल. मी भागवतातली ती कथा पुन्हा वाचली. नदीत वाहून जाणारं, आई गेलेलं पाडस त्याने उचललं, यात काही चुकलं असं मला वाटत नाही. तसंच वाहू दिलं असतं तर तो कसला तपस्वी? घसरण नंतर झाली. नित्यकर्म सुटत गेली, पाडस दिसलं नाही की जीव कासावीस व्हायचा, आणि शेवटच्या क्षणीही मनात तेच होतं. म्हणजे प्रश्न हरणाचा नसून मनाचा आहे. मी माझ्यापुरती एक खूण ठरवली आहे: या सेवेमुळे घरातल्या इतरांकडे माझं लक्ष वाढतंय की कमी होतंय? कमी होत असेल तर मोह. लाडूमुळे मला सासूबाई दिसल्या, म्हणून मी सध्या निर्धास्त आहे. उद्याचं उद्या बघू.

आणखी एक. "आम्हाला गिनीपिग केलंय" असं आपण सहज म्हणतो. पण या जिवाचं आपल्यावर खरंच ऋण आहे. १८८२ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू शोधला, तेव्हा प्रयोग गिनीपिगवर झाले. १९०७ मध्ये नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिख यांना निव्वळ धान्यावर ठेवलेल्या गिनीपिगना स्कर्व्ही झालेला दिसला, आणि त्यातून पुढे क जीवनसत्त्वाची वाट सापडली. माणसासारखंच यांच्याही शरीरात ते तयार होत नाही, बाहेरूनच द्यावं लागतं. आपल्याकडे गोग्रास, काकबळी काढायची रीत आहे. लाडूच्या वाटीतली ढोबळी मिरचीची फोड मी आता त्याच हिशोबात धरते.

मग थांबायचं कधी? डॉक्टरांनी शेवटच्या इंजेक्शनचाही विषय काढला होता. यावर आमच्या घरी आजही एकमत नाही. सासूबाई म्हणतात, जीव घ्यायचा अधिकार आपला नाही. मला वाटतं, वेदना थांबत नसतील आणि औषध लागू पडत नसेल, तर आपल्या समाधानासाठी त्याला ताटकळत ठेवणं ही सेवा नव्हे. एवढं मात्र सगळ्यांना पटलं, की नव्या तपासण्यांसाठी त्याला आता फिरवायचं नाही. वेदनेचं औषध द्यायचं, भरवायचं, ऊब द्यायची. आणि रोज बघायचं, की कोथिंबीर दिसल्यावर तो मान वर करतो का. ज्या दिवशी करणार नाही, त्या दिवशी सगळ्यांनी पुन्हा एकत्र बसायचं.

सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "निदान लागलं नाही, तर निदान शेजारी तरी बसा."

या रविवारी लाडूचं वजन ८४० ग्रॅम भरलं. आजाराचं नाव अजून कळलेलं नाही. रात्री दोनचा गजर आता माझा मुलगा आणि त्याचे बाबा आळीपाळीने लावतात. आणि मी झोपण्याआधी सासूबाईंच्या पायांना तेल लावते, त्या सांगतात ते ऐकते. मध्येच "रिपोर्ट नॉर्मल आहेत" म्हणत नाही.

आपल्या घरातही नाव नसलेलं दुखणं घेऊन कुणी बसलेलं असेल. आज जेवणं झाल्यावर दहा मिनिटं फोन बाजूला ठेवून त्यांच्याजवळ बसा. उपाय सांगू नका, नुसतं विचारा, "आज कसं वाटतंय?"

🙏