नाताळाचे ताट कोणाच्या घरी?

शास्त्रभाग : नहेम्या ८:९-१२, लूक १४:१२-१४



डिसेंबरचा दुसरा आठवडा उजाडला म्हणजे आपल्या घरांतून तळणीचा वास येऊ लागतो. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, रव्याचे लाडू, ज्यांच्या हाताला साधतात त्यांच्याकडे अनारसे, आणि सर्वांत शेवटी केक. बऱ्हाणपूरसारख्या गावी तर गोडाचे काही नवल नाही. रवा, साखर व तूप फेटून फेटून हलका केलेला दराबा आणि कढईतून निघालेली काळसर मावा जिलबी यांसाठी हे गाव दूरवर प्रसिद्ध आहे. पैसे टाकले की हलवाई पेटी बांधून देतो. तरीही नाताळात आपल्या भगिनी आठ-आठ दिवस चुलीपुढे बसतात. आई पीठ मळते, आजी सारण भरते, मुली कातण्याने करंजी कापतात, आणि लहान मुले कच्चे पीठ चोरून खातात. विकतच्या पेटीतून पैसा जातो. घरच्या ताटातून घरातल्या सर्वांचे हात जातात. म्हणून ज्याच्या दारी ते ताट जाते त्याला त्याची किंमत कळते.

क्रोशाच्या रुमालाखाली झाकलेले हे ताट शेजारी पोहोचवण्याची आपली रीत जुनी आहे आणि ती चांगली आहे. दिवाळीत हिंदू शेजाऱ्याकडून फराळ येतो, ईदेला मुसलमान शेजाऱ्याकडून शिरखुर्मा येतो, आणि नाताळाला आपण त्यांच्याकडे पाठवतो. बऱ्हाणपुरात एकाच गल्लीत मराठी, गुजराती, बोहरी, जैन व विणकर मुसलमान राहतात. तेथे या ताटांनी जेवढा सलोखा राखला तेवढा सभांतील भाषणांनी राखला असेल असे मला वाटत नाही. पण एकदा शांतपणे बसून आपण मोजावे. मागल्या नाताळात आपल्या घरून किती ताटे गेली? त्यांतील किती ताटे अशा घरी गेली, जेथून आपल्याकडे कधीच ताट येत नाही, कारण तेथे सणाला काही तयारच होत नाही?

हा प्रश्न माझा नव्हे, तो शास्त्रातला आहे. नहेम्याच्या सहाव्या अध्यायात वाचतो की यरुशलेमेचा कोट बावन्न दिवसांत, अलूल महिन्याच्या पंचविसाव्या दिवशी पुरा झाला. त्यानंतर आठवडाही लोटला नव्हता. सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी सर्व लोक पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले आणि एज्राने नियमशास्त्र वाचून दाखवले. वचन ऐकून लोक रडू लागले. तेव्हा नहेम्या, एज्रा व लेवी यांनी त्यांना रडू नका म्हणून सांगितले. हा दिवस देवाचा आहे, घरी जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या. आणि ज्यांच्याकडे आज काही शिजलेले नाही त्यांचा वाटा त्यांच्याकडे पोहोचता करा, अशा अर्थाची आज्ञा त्यांनी दिली. येथे लक्षात ठेवण्यासारखे हे की सणाच्या आनंदाची आणि वाट्याची आज्ञा एकाच वाक्यात आली आहे.

ते लोक कोण होते? तीनच अध्याय मागे जा. पाचव्या अध्यायात गरिबांचा आक्रोश आहे. धान्यासाठी शेते, द्राक्षमळे व घरे गहाण पडली होती, मुले-मुली दास्यात जात होती, आणि सावकार त्यांचेच भाऊबंद होते. नहेम्याने सावकारांना भर सभेत फटकारले आणि गहाण परत करावयास लावले. म्हणजे चौकात जमलेल्या त्या गर्दीत कोणाची चूल त्या दिवशी थंड होती हे सर्वांना नावानिशी ठाऊक होते. वाटा पाठवावा कोणाकडे, असे विचारायची कोणाला गरज पडली नाही. आपल्यालाही पडत नाही, हे आपण मनाशी कबूल करावे.

एस्तेरच्या पुस्तकात नवव्या अध्यायात हीच गोष्ट थोडी निराळी सांगितली आहे. पुरीमच्या सणात एकमेकांना वाटे पाठवायचे आणि गरिबांना देणग्या द्यायच्या, अशा दोन गोष्टी तेथे वेगवेगळ्या सांगितल्या आहेत. मर्दखयाला माणसाचा स्वभाव ठाऊक असावा. एकच गोष्ट सांगितली असती तर लोकांनी एकमेकांचीच ताटे फिरवली असती आणि आज्ञा पाळल्याचे समाधान मानले असते. कोकणातील आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल बांधव पुरीमला होळीचा सण म्हणत आले, कारण दोन्ही सण एकाच सुमारास येतात. वाटा पाठवण्याची ही रीत यहुदी लोकांत अडीच हजार वर्षे टिकून आहे.

आता एक कडू गोष्ट बोलावी लागेल. पुष्कळ घरांतून गरिबांकडेही काहीतरी जाते. पण काय जाते? अखंड करंज्या साहेबांकडे, डॉक्टरांकडे, शाळेच्या मुख्याध्यापकांकडे. फुटलेल्या करंज्या, मऊ पडलेल्या चकल्या आणि केकचा करपलेला तळ भांडी घासणाऱ्या बाईकडे, तोही नाताळ उलटून चार दिवस झाल्यावर. ती बाई ते घेते, कारण तिच्या घरी मुले आहेत. पण कोणत्या ताटात काय भरले गेले हे तिने पाहिलेले असते. ती ताटे तिनेच घासून ठेवली होती. नहेम्याने लोकांना उरलेले पाठवा असे म्हटले नव्हते. स्वतः जे चांगले खाणार त्याच जेवणातला वाटा.

यिर्मयाच्या सातव्या अध्यायात एका घराचे वर्णन आहे, ते वाचताना मला नेहमी नाताळाची आठवण होते. मुले लाकडे गोळा करीत आहेत, बाप विस्तव पेटवीत आहेत, स्त्रिया पीठ मळून पोळ्या भाजीत आहेत. किती सुरेख घर! आणि तरी देवाचा क्रोध त्या घरावर आहे, कारण त्या पोळ्या आकाशराणी नावाच्या परक्या दैवतासाठी आहेत. त्याच अध्यायात, थोडे अगोदर, परक्याला, अनाथाला व विधवेला जाचू नका अशी ताकीद आहे. सारे घर एकदिलाने राबले एवढ्यानेच पक्वान्न पवित्र होत नाही. आपल्या स्वयंपाकघरात मूर्ती नाही हे खरे. पण आपले ताट शेजारणीच्या ताटाहून भरगच्च दिसावे म्हणून रात्र रात्र जागणे, हेही कोणत्या तरी दैवताचेच काम आहे.

आपल्या बऱ्हाणपूरच्या इतिहासातही वाट्याची एक गोष्ट आहे. १६३० साली पाऊस आला नाही आणि गुजरात व दख्खनमध्ये भयंकर दुष्काळ पडला. दक्षिणेच्या मोहिमेसाठी शाहजहान बादशहाचा मुक्काम तेव्हा येथेच होता. याच गावी १६३१ च्या जूनमध्ये मुमताज महल बाळंतपणात वारली. पीटर मंडी हा इंग्रज त्या काळात सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला, आणि वाटेने पाहिलेले भुकेचे भीषण देखावे त्याने आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवले. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी सांगतो की बऱ्हाणपूर, अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडले गेले. शिवाय बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५,००० रुपये गरिबांत वाटले जात, वीस सोमवारांत एक लाख. सोमवार का? तो बादशहाच्या राज्यारोहणाचा वार, त्याच्या आनंदाचा वार. एवढ्या मोठ्या दुष्काळापुढे ही मदत थोडीच होती. पुढे पत्नीच्या कबरीसाठी त्याने किती खर्च केला हे सर्वांना ठाऊक आहे. त्याचा हिशेब मी येथे मांडीत नाही. पण आपल्या आनंदाच्या दिवशी थंड चुलींची आठवण ठेवावी हे त्याला सुचले, आणि ते याच गावात सुचले.

थंड चुली शोधायला आपल्याला चारशे वर्षे मागे जायला नको. हे गाव मागावर जगते. पावरलूमवर मजुरी कापडाच्या मीटरवर मिळते. माग बंद, तर मजुरी बंद. आपली जुनी ताप्ती मिल २०२० च्या टाळेबंदीत थांबली, तेव्हा तिच्या भोंग्यावर दिवस मोजणाऱ्या घरांचे काय झाले हे येथल्या मंडळींना सांगायला नको. त्यांत आपल्या उपासनेला येणारे असतील, येणारे नसतील. नहेम्याच्या आज्ञेत तशी अट नाही.

द्यायचे कसे यावरही थोडे बोलू. आपल्या शेजाऱ्याला जे खाता येत नाही ते आपण प्रेमाने पाठवले, तरी त्याच्या घरात त्या प्रेमाची अडचणच होते. जैन घरात अंड्याचा केक गेला तर त्या माउलीने काय करावे? नाही म्हणवत नाही, ठेवता येत नाही. दुसऱ्याच्या विवेकभावाला अडखळण होईल असे मी खाणार नाही, असा पौलाचा निर्धार करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. खाण्याबद्दल जो इतका जपतो तो खाऊ घालण्याबद्दल किती जपेल! केक अंड्यांशिवायही होतो. रवा, दही व खाण्याचा सोडा यांवर तो चांगला फुगतो. मनुका रममध्ये भिजवलेला केक मुसलमान घरी पाठवू नये, हे सांगायला नको होते. पण काही ठिकाणी सांगावे लागते. नानकटाई मात्र कोठेही जाऊ शकते. मैदा, पिठीसाखर, तूप आणि वेलची. तीत कोणाला हरकत घेण्यासारखे काही नाही. घरोघरी ओव्हन नव्हते तेव्हा पुष्कळ कुटुंबे नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन बेकरीच्या भट्टीवर नेत, आणि भट्टीवाला बहुधा मुसलमान असे. आपल्या नाताळाचे गोड असे कितीतरी वर्षे शेजाऱ्याच्या विस्तवावर भाजले गेले आहे.

आणि घ्यायचे कसे? हा भाग कठीण आहे. दिवाळीत आलेले फराळाचे ताट पुढच्या दाराने हसून घ्यायचे आणि मागच्या दाराने दुसऱ्याला देऊन टाकायचे, असे आपल्यातील काही घरांत चालते. कारण विचारले तर, न जाणो देवापुढे ठेवलेले असेल, असे सांगतात. पौलाने याच पत्राच्या दहाव्या अध्यायात हा प्रश्न सरळ सोडवला आहे. बाहेरच्याने बोलावले तर जा, पुढे ठेवतील ते चौकशी न करता खा. मात्र हे मूर्तीला वाहिलेले आहे असे कोणी स्पष्ट सांगितले तर, सांगणाऱ्याच्या विवेकासाठी, खाऊ नका. प्रसाद म्हणून दिलेल्या वस्तूला नम्रपणे नकार द्यावा. परंतु शेजारणीने आपल्या हाताने केलेली चकली ही चकली आहे. ती मुलांसमोर बसून आनंदाने खावी.

दुसऱ्याच्या हातचे घेणे सोपे नसते, हे लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’वरून कळते. टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. मधल्या काळात पतीबरोबर राहूनही त्यांनी आपले सोवळे व आपली चूल निराळी ठेवली होती. ज्या बाईने ही भिंत स्वतः पाडली तिला तिची जाडी ठाऊक होती. आपल्या पूर्वजांपैकी कित्येकांच्या हातचे पाणीही गावाने घेतले नव्हते. त्याच घरांतून आज ताट निघते आणि सवर्ण शेजारी ते घेतो, ही लहान गोष्ट नव्हे. मग आपण त्याचे ताट मागच्या दाराने कसे घालवावे?

एलीयाकडे पहा. १ राजे १७ मध्ये देवाने त्याला सारफथास पाठवले, इस्राएलाबाहेर, सीदोनच्या मुलखात. त्या विधवेच्या मडक्यात मूठभर पीठ होते आणि कुपीत थोडेसे तेल. ती दोन काटक्या वेचीत होती. स्वतःसाठी व मुलासाठी शेवटचे भाजून खायचे आणि मग मरायचे, असा तिचा विचार होता. संदेष्ट्याने तिच्याकडे आपल्यासाठी आधी एक लहान भाकर मागितली, आणि परजातीच्या त्या बाईच्या हातचे त्याने खाल्ले. प्रभू येशूने नासरेथच्या सभास्थानात हीच विधवा आठवली, तेव्हा ऐकणारे रागाने उठले व त्याला गावाबाहेर काढू लागले. परक्याच्या ताटाची गोष्ट त्यांनाही सोसली नाही.

रविवारच्या शाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. ताटे पोहोचवायला बहुधा मुलेच जातात. तेव्हा डिसेंबरच्या पहिल्या रविवारी मुलांकडून घरांची यादी करवून घ्या. कोणती घरे, ते त्यांनाच सुचवू द्या. मोठ्यांना न दिसणारी दोन-तीन घरे त्यांच्या यादीत निघतील, कारण वर्गात कोणाच्या डब्यात काय असते हे मुलांना माहीत असते. आई-बापांनी त्या घरांचा वाटा पहिल्या घाण्यातून काढून ठेवावा, शेवटच्या नव्हे.

मात्र त्या घरी स्टीलचे ताट पाठवू नका. रिकामे ताट परत करू नये अशी आपल्याकडची रीत आहे. निदान चिमूटभर साखर तरी त्यात घालतात. ज्या घरी साखर मोजून आणली जाते तेथे आपले ताट म्हणजे नवे कर्ज होते, आणि ज्यांना परतफेड करता येत नाही त्यांना बोलवा असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात यजमानाला सांगितले आहे. बऱ्हाणपूरच्या चहूबाजूंना केळीचे मळे आहेत. पानाचा तुकडा क्षणभर विस्तवावर धरला की मऊ पडतो आणि घडी घालताना चिरत नाही. त्यात चार करंज्या, चार नानकटाया ठेवून दोऱ्याने बांधा. पान परत करावे लागत नाही. आणि मुलांना सांगून ठेवा, दारातूनच पळून येऊ नका. बसा म्हणाले तर बसा, आणि पाणी दिले तर प्या.