परक्याचा हक्क



दसरा-दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यातील गंगाखेड, सोनपेठ, पालम या तालुक्यांतील कित्येक तांड्यांत घराघराला कुलपे लागतात. नवरा-बायकोची जोडी ‘एक कोयता’ म्हणून मुकादमाकडून उचल घेते आणि पश्चिम महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघते. आपल्या मोहल्ल्यांतील तरुणही पोटासाठी पुण्या-मुंबईला जातात, काही जण आखाती देश गाठतात. त्यांना तेथे खोली मिळावी, मजुरी बुडू नये, कोणी अपमान करू नये, अशी दुआ आपण रोज करतो. मग उत्तर प्रदेशातून, बिहारमधून, बंगालमधून आपल्या गल्लीत आलेल्या दुसऱ्याच्या मुलाला आपण दार का लावून घेतो?

दिव्य कुरआनने सूरह तौबामध्ये जकातीचे आठ हक्कदार सांगितले आहेत. त्यांत वाटसरू आहे. सूरह निसामध्ये आई-वडील व नातलगांसोबत अनोळखी शेजाऱ्याशीही सद्वर्तनाचा आदेश आहे. म्हणजे परक्याला दिलेला आधार हे आपले उपकार नव्हेत. तो त्याचा हक्क आहे आणि त्याचा हिशेब अल्लाहपुढे द्यावयाचा आहे.

इ. स. 622 मध्ये मक्केचे मुहाजिर रिकाम्या हातांनी मदीनेत आले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांच्यात व अन्सारांत बंधुभाव जोडून दिला. हजरत सअद बिन रबीअ (रजि.) यांनी आपली निम्मी संपत्ती हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांच्यापुढे ठेवली. अब्दुर्रहमान (रजि.) यांनी त्यांना दुआ दिली आणि फक्त बाजाराचा रस्ता विचारला. पुढे ते मदीनेतील मोठे व्यापारी झाले. विचार करा, बाहेरून आलेला माणूस बहुधा आपल्याकडे भीक मागत नाही. त्याला कामाचा, निवाऱ्याचा आणि कायद्याचा रस्ता मोकळा हवा असतो.

हा रस्ता बंद झाला की काय होते, हे आपण जवळून पाहिले आहे. 2020 च्या टाळेबंदीत काम गेले, रेल्वे बंद झाली. जालन्याहून मध्य प्रदेशातील आपल्या घराकडे पायी निघालेले 16 मजूर 8 मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपेतच मालगाडीखाली गेले. परभणीहून औरंगाबादला जाणारा हाच तो लोहमार्ग.

जून 2025 मध्ये मुंबई परिसरातून पकडलेल्या काही बंगाली भाषिक मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार धाडण्यात आले. ते भारतीय असल्याचे नंतर सिद्ध झाले आणि त्यांना परत आणावे लागले. येथे हबशाच्या नजाशीचे स्मरण होते. कुरैशांचे दूत नजराणे घेऊन आले आणि आश्रितांना आपल्या हवाली करण्याची मागणी केली. परंतु त्या न्यायी राजाने आधी हजरत जाफर (रजि.) यांचे म्हणणे ऐकले आणि मगच निर्णय दिला. ऐकून घेतल्याशिवाय कोणालाही घालवून देऊ नये, एवढीच मागणी आपणही संविधानाच्या चौकटीत केली पाहिजे. अनुच्छेद 21 चे संरक्षण नागरिकांपुरते मर्यादित नाही, ते प्रत्येक व्यक्तीला आहे. 2019 च्या नागरिकत्व दुरुस्तीने तीन शेजारी देशांतून आलेल्या सहा समुदायांसाठी दार उघडले. पीडिताला आश्रय देणे चांगलेच, पण ते दार धर्म पाहून उघडू नये. जुलमामुळे देश सोडावा लागलेल्या रोहिंग्यांसारख्यांची बाजूही ऐकणारा आश्रयाचा स्पष्ट कायदा देशात असावा.

संशयाच्या या दिवसांत ‘उगाच आपल्यावर बालंट नको’ असे काही जण म्हणतात. भीती समजण्यासारखी आहे. पण आपल्याच मराठवाड्यातील चाऊश बांधवांचे पूर्वज येमेनच्या हद्रमौतहून निजामाच्या फौजेत आले होते. आज त्यांना येथे परके कोण म्हणेल?

तेव्हा कायदा पाळूनच पुढील गोष्टी करा. खोली देताना भाडेकरूची नोंद रीतसर करा, पण प्रांत किंवा बोली पाहून नकार देऊ नका. काम संपताच ठरलेली मजुरी हातावर ठेवा, घाम वाळेपर्यंतही ती अडवू नये, अशी प्रेषितांची (स.) ताकीद आहे. बाहेरच्या राज्यातील शिधापत्रिकेवरही येथे धान्य मिळू शकते, हे त्याला सांगा आणि दुकानापर्यंत सोबत जा. खोटा दाखला कोणालाही देऊ नका, मात्र खऱ्या माणसासाठी खरी साक्ष देण्यास मागे हटू नका. साक्ष लपविणे कुरआनच्या दृष्टीने गुन्हा आहे.

मशिदीच्या शेवटच्या सफेत एकटा उभा असलेला अनोळखी मजूर येत्या जुम्याला तुम्हाला दिसेल. नमाज संपल्यावर त्याला सलाम करा आणि तो कोठे राहतो, काय खातो, हे विचारा.

अल्लाह आपणा सर्वांना अन्सारांचे हृदय देवो आणि परमुलखात गेलेल्या आपल्या लेकरांचे रक्षण करो. आमीन.