अंगारांवरचा अंमल

जपानातील ‘कामादो’ चुलीचे नाव घेतलेली, जाड भिंतींची सिरॅमिक शेगडी अंगणात बसवून, तळाशी लाकडी कोळसा रचून, खालची झडप बोटभर उघडी ठेवून पहिला विस्तव पेटवताना, ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताची देवता असलेल्या अग्नीवर आपला अंमल बसला, असा गर्व मला क्षणभर झाला. परंतु घाईने झडप सताड उघडताच काटा ३०० अंशांपलीकडे गेला, आणि सारे बंद करूनही ती तापलेली भिंत तासभर माझा हुकूम मानीना. हव्य वाहणारा अग्नी आणि चितेवरचा मांसभक्षक ‘क्रव्याद’ अग्नी यांत वैदिकांनी भेद केला खरा. माझ्या जाळीवर मात्र साल तडकलेले वांगे आणि कोंबडी शेजारीशेजारी भाजत होती, आणि निखारा दोहोंखाली सारखाच लाल होता. मग भेद अग्नीचा, की भाजणाऱ्याच्या हेतूचा?