बापूंच्या कमरेचं घड्याळ

गांधीजींचा जुना फोटो दाखवून लोक मला विचारतात, "काका, कमरेला लटकतंय ते कोणत्या कंपनीचं?" पनवेलच्या बाजारात आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता रोडपालीत घरीच खिडकीशी डोळ्याला भिंग लावून बसतो, म्हणून प्रश्न माझ्याकडे येतो. फोटोत दिसते ती गोल केस आणि पंच्याला अडकवलेली दोरी. तेवढ्यावरून कंपनी सांगता येत नाही. तबकडी दिसायला हवी, नाहीतर मागचं झाकण उघडायला हवं. गांधीजींकडे एक इंगरसोल होतं. डॉलरला एक अशी घड्याळं विकून नाव कमावलेली ही अमेरिकन कंपनी. त्या स्वस्त घड्याळांत माणकांचे खडे नसत, साध्या धातूच्या पिनांवर काम चाले. दुसरं झेनिथ, स्विस, चांदीचं, 1910च्या सुमाराचं.

मला छळतो तो पुढचा प्रश्न. अपरिग्रहाचं व्रत घेतलेल्या माणसानं चांदीचं घड्याळ बाळगावं का?

1930 साली येरवड्याच्या तुरुंगातून ते दर मंगळवारी आश्रमाला एकेका व्रतावर पत्र लिहीत. अस्तेयाबद्दल त्यांचं म्हणणं कडक होतं: गरज नसताना घेतलेली वस्तूही चोरीचीच. या मापानं घड्याळ कुठे बसतं?

उत्तराआधी दुसऱ्या एका व्रतस्थाचं घड्याळ बघू. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांचा 2009 सालचा एक फोटो 2012 मध्ये गाजला. मनगट मोकळं होतं, पण समोरच्या चकचकीत टेबलात घड्याळाचं प्रतिबिंब तसंच होतं. मनगटावरचं महागडं ब्रेगे घड्याळ कुणीतरी फोटोतून पुसलं, टेबलातलं राहिलं. चर्चनं माफी मागून मूळ फोटो परत लावला. किरिलही निष्कांचनतेची शपथ घेतलेले भिक्षूच. घड्याळाची किंमत मी बाजूला ठेवतो. ते झाकावंसं वाटलं, इथेच परिग्रह आला. गांधीजींचं घड्याळ फोटोमागून फोटोत उघडं लोंबत राहिलं.

पण निव्वळ उघडेपणानं व्रत सांभाळलं जात नाही, घड्याळाचं काम काय होतं ते बघावं लागतं. 30 जानेवारी 1948ला सरदार पटेलांशी बोलणं लांबलं आणि पाचच्या प्रार्थनेला उशीर झाला. प्रार्थनेकडे चालताना सोबतच्या त्यांच्या नातसून आभाबेननी थट्टा केली, की तुम्ही बघतच नाही म्हणून तुमच्या घड्याळाला वाईट वाटत असेल. वेळ सांभाळायला तुम्ही मुली आहात ना, असं ते हसून म्हणाले. पण लगेच उशिराबद्दलची नाराजीही बोलून दाखवली. शेकडो माणसं वाट बघत होती, त्यांची मिनिटं खर्च होत होती, हे त्यांना सहन होत नव्हतं.

माझं गिऱ्हाईक तळोजा एमआयडीसीत पाळीला जाणारं. रिलीव्हर उशिरा आला की आधीच्या पाळीचा माणूस मशिनपाशी अडकतो. त्याची झोप जाते, घरच्यांसोबतचं जेवण जातं. ते कोणी घेतलं? उशिरा येणाऱ्यानं. माझ्या मते कमरेच्या घड्याळाचा हिशेब हाच आहे. अपरिग्रह म्हणतं ठेवू नकोस, अस्तेय म्हणतं दुसऱ्याची मिनिटं घ्यायची नसतील तर ठेव. दोन व्रतं इथे एकमेकांना आडवी जातात, आणि गांधीजींनी दुसऱ्याचा हक्क मोठा मानला. त्यांनी व्रत मोडलं असं मी म्हणणार नाही.

ते झेनिथ पुढे आभाबेनना दिलं गेलं. मार्च 2009 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात चष्मा, चपला, वाटी आणि ताटासकट ते 18 लाख डॉलरना विकलं गेलं. घेणारे विजय मल्ल्या. परिग्रह शोधायचा तर तो मला त्या बोलीत दिसतो.

तुमच्या कपाटात आजोबांचं चावीचं घड्याळ असेल तर बाहेर काढा. पडून राहिलं की आतलं तेल घट्ट होतं. सर्व्हिसिंग करून घ्या, आणि घरात ज्याला कुणाच्या तरी वेळेवर पोचायचं असतं त्याला ते वापरायला द्या.