उतारावरचं मेकॅनिकल

सीईटीचे पर्सेंटाइल लागले की कॅप राउंडच्या फॉर्मवर पहिला पर्याय कॉम्प्युटर, दुसरा एआय, तिसरा आयटी असा भरला जातो. मेकॅनिकलचा नंबर त्यानंतर, आणि तोही ‘आता त्याला स्कोप कुठंय?’ या काकांच्या प्रश्नासकट. २०२४-२५ पासून तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईने एका शाखेत किती जागा असाव्यात याची कमाल मर्यादाच उठवली, त्यामुळे मागणी असलेल्या शाखांच्या तुकड्या वाढवायला चांगल्या कामगिरीची महाविद्यालयं मोकळी झाली. हे घडतंय ते पुण्यात, ज्याचं औद्योगिक नाव लोखंड, डिझेल इंजिन आणि स्कूटरवर उभं राहिलं.

त्या नावामागचा इतिहास जुना आहे. १८५४ साली बांधकाम खात्याला हाताखालचे कर्मचारी हवे होते म्हणून ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ सुरू झालं. आजचं सीओईपी ते हेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईत व्हीजेटीआयमध्ये शिकवत होते. ती नोकरी सोडून ते बेळगावात आले, लोखंडी नांगर बनवला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीतून मेकॅनिकलची पदवी घेऊन आले, आणि १९४६ साली पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. पुढे १९६१ साली भारत फोर्ज, त्याच दशकात पिंपरीत टेल्को (आजची टाटा मोटर्स), १९६६ साली वाहनांच्या चाचण्या घेणारी एआरएआय. कारखाने वाढत गेले, पण इंजिनिअरिंगच्या जागा मूठभरच राहिल्या. डोनेशन भरून कर्नाटकात शिकायला जाणारी मराठी मुलं हा त्या काळातला नेहमीचा विषय होता.

१९८३ साली वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित महाविद्यालयांना परवानगी मिळाली आणि चित्र पालटलं. कात्रज-धनकवडीच्या टेकडीवरचं भारती विद्यापीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय त्याच वर्षीचं. सातारा रस्त्यालगतचं हे गाव बघता बघता विद्यार्थ्यांचं झालं. कॉट बेसिसच्या पाट्या, मेस, झेरॉक्सची दुकानं आली. सांगली, सातारा, सोलापूर, नगरकडची मुलं आली. घरातला पहिला इंजिनिअर होण्याचा मान यातल्या कित्येकांना मिळाला. ‘शिक्षणसम्राट’ म्हणून या धोरणाची थट्टा झाली, ती सगळीच अनाठायी नव्हती. तरी शेतकऱ्याच्या मुलाला घरापासून एका एसटीच्या अंतरावर मेकॅनिकलची जागा मिळाली, ही कमाई नाकारता येत नाही.

जागा मिळाल्यावर चार वर्षं काय घडतं? पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये कानस घेऊन लोखंडाचा तुकडा काटकोनात आणायचा. हाताला फोड येतात, काटकोन काही येत नाही. मग एसओएम, थर्मो, टीओएम, हीट ट्रान्सफर, मशीन डिझाइन. डिझाइनसाठी व्ही. बी. भांडारींचा जाडजूड ग्रंथ, जो देशभरच्या महाविद्यालयांत चालतो. भांडारी सर पुण्याच्याच विश्वकर्मा इन्स्टिट्यूटमध्ये मेकॅनिकलचे विभागप्रमुख होते. परीक्षेच्या आदल्या रात्री मात्र टेबलावर असतं ते बारीक टाइपातलं ‘अपेक्षित प्रश्नां’चं पुस्तक.

सबमिशनच्या आठवड्यात होस्टेलच्या खोलीत एक खास यंत्र उभं राहतं. दोन खुर्च्यांवर काच, काचेखाली ट्यूबलाइट, काचेवर हुशार मित्राची शीट आणि तिच्यावर आपला कोरा कागद. रेषा खालून उजळतात, पेन्सिल त्यांच्यावरून फिरते. याला जीटी मारणं म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. बेअरिंगच्या असेंब्लीतला कुठला भाग कुठल्या भागात बसतो हे न कळताही शीट पूर्ण होते, सही मिळते, टर्मवर्कचे गुण पडतात. पिढ्या बदलल्या, ड्राफ्टर जाऊन कॅड आलं. आता तीच फाइल पेनड्राइव्हमधून फिरते आणि फक्त नाव व रोल नंबर बदलला जातो.

मुलं आळशी आहेत म्हणून हे चालतं असं म्हणणं सोपं आहे. खरी मेख अशी की विषय आणि वस्तू यांची भेटच होत नाही. कात्रजमध्ये ही ताटातूट जास्तच खटकते, कारण इथे अभ्यासक्रमातली निम्मी प्रकरणं दाराशी उभी आहेत.

नवा कात्रज बोगदा ओलांडला की महामार्ग नवले पुलाकडे उतरत जातो. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका अवजड वाहनाने चाळीसहून अधिक गाड्यांना धडक दिली, आणि असे अपघात पुढेही होत राहिले. रस्त्याचा उतार, वेग, वाहतुकीची रचना यांवर बरीच चर्चा झाली. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर गाडी न्यूट्रल करणं किंवा इंजिनच बंद करणं हेही कारण पुन्हा पुन्हा पुढे आलं. मशीन डिझाइनच्या पुस्तकातलं ब्रेकचं प्रकरण इथे जिवंत होतं. तीस टनांचा ट्रक शंभर मीटर उंची उतरतो तेव्हा सुमारे २.९४ कोटी ज्यूल ऊर्जा मोकळी होते. सुमारे नव्वद लिटर पाणी उकळीला आणायला तेवढी पुरे. हवेचा आणि रस्त्याचा रोध तिचा थोडा वाटा उचलतो. गिअर टाकलेला असेल तर इंजिनही मोठा वाटा उचलतं. न्यूट्रल केल्यावर उरलेलं सगळं ओझं ब्रेकच्या ड्रमवर येतं. ड्रम तापून फुगतो, लायनिंगची पकड सुटत जाते. इंजिन बंद असेल तर ब्रेकची हवा भरणारा कॉम्प्रेसरही थांबतो, आणि प्रत्येक दाबागणिक टाकीतला दाब उतरतो. ‘ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा’ हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम पुस्तकातल्या समीकरणाशी तंतोतंत जुळतो.

परीक्षेत याच विषयावर प्रश्न येतो: ड्रमची त्रिज्या अमुक, घर्षणांक तमुक, टॉर्क काढा. मुलगा टॉर्क काढतो आणि त्याच महामार्गावरून बसने गावी जातो.

दुसरं उदाहरण पिशवीतून घरोघर पोचतं. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाचं दूध ‘कात्रज’ याच नावाने विकलं जातं. आधुनिक डेअरीत दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद ठेवून लगेच थंड केलं जातं. त्यात खुबी आहे पातळ पत्र्यांच्या हीट एक्स्चेंजरची. पत्र्याच्या एका अंगाने तापलेलं दूध बाहेर निघतं, दुसऱ्या अंगाने थंड दूध आत येतं. पहिल्याची उष्णता दुसऱ्याला मिळते आणि बॉयलरचं इंधन वाचतं. तिसऱ्या वर्षाला एलएमटीडीचं, म्हणजे तापमानांतल्या सरासरी फरकाचं, सूत्र घोकणाऱ्याने हे एकदा पाहिलं तर सूत्रातली चारही तापमानं त्याला वेगळी पाठ करावी लागणार नाहीत. अशाच यंत्रांच्या धंद्यात पुढे गेलेल्या लीला पूनावाला यांनी १९६७ साली सीओईपीतून मेकॅनिकलची पदवी घेतली, तेव्हा या शाखेत मुलगी दिसणं हीच बातमी होती. पुढे त्या अल्फा लावल इंडियाच्या प्रमुख झाल्या. मूळ स्वीडनची ही कंपनी दुधातली साय वेगळी करणाऱ्या यंत्रापासून वाढली आणि असेच हीट एक्स्चेंजर बनवते.

आणि फ्लुइड मेकॅनिक्स? १७५० च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत आणि पेठांमधल्या हौदांपर्यंत पाणी नेलं, तेही पंपाशिवाय, निव्वळ उताराच्या जोरावर. वाटेत जागोजागी नळातली हवा बाहेर पडायला उच्छ्वास बांधले.

मग महाविद्यालयांनी करावं काय? एक उत्तर विद्यार्थ्यांनी स्वतःच शोधलं आहे. एसएई इंडियाची बाहा स्पर्धा २००७ पासून सुरू आहे. मुलं स्वतः चौकट वेल्ड करून, ठरवून दिलेलं इंजिन बसवून एका माणसाची खडबडीत रस्त्यावरची गाडी बनवतात. तिच्या ब्रेक चाचणीत चारही चाकं एकदम जॅम व्हावी लागतात. एक जरी फिरलं तरी पुन्हा पाना हातात. व्हायव्हात ‘सर, थिअरीनुसार...’ म्हणून सुटता येतं, तिथे येत नाही. या संघांमधली मुलं रात्र-रात्र वर्कशॉपमध्ये असतात. अडचण इतकीच की अशी मुलं वर्गात थोडी, बाकीचे हजेरी आणि सबमिशनच्या चक्रात. वर्गातल्या प्रत्येकाला एका सत्रात आसपासचं एक यंत्र, त्याची खरी मापं आणि त्याचं खरं गणित मांडायला लावलं तर त्याला वेगळा निधी लागणार नाही. प्राध्यापकांना प्रत्येकाचं उत्तर वेगळं तपासावं लागेल, हा त्रास मात्र खरा आहे.

नोकरीचं म्हणाल तर कॅम्पसला येणाऱ्या आयटी कंपन्या मेकॅनिकलच्या मुलांनाही घेऊन जातात, आणि कारखान्यातला सुरुवातीचा पगार त्यांच्यापुढे बऱ्याचदा तोकडा पडतो. पण विजेवरच्या गाडीलाही ब्रेक लागतो, बॅटरी थंड ठेवावी लागते, गिअरचे दाते घासतातच. ही गणितं करणारा माणूस चाकणच्या कारखान्यांना लागणारच आहे.

तेव्हा घरात मेकॅनिकलचा विषय निघाला तर महाविद्यालय बघायला जाताना प्लेसमेंटचं पत्रक शेवटी मागा. आधी वर्कशॉप उघडून दाखवायला सांगा. गेल्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांनी कोणते प्रोजेक्ट केले, त्यातले किती स्वतः बनवले आणि किती दुकानातून तयार आणले, हे मुलांनाच गाठून विचारा. सरळ उत्तर मिळालं तर खुशाल प्रवेश घ्या.