मालाची गाडी

बीबीत एक मुकादम होते. सगळे त्यांना आबा म्हणत. लोणार तालुक्यातलं हे गाव मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावर आहे. सोयाबीन घरात आलं की गावातली माणसं आबांच्या टोळीत नाव घालायची आणि पुलांच्या, इमारतींच्या कामांवर जायची.

साइटवर नवा मजूर आला की आधी त्याला सुरक्षेचे नियम सांगायचे असतात. बऱ्याच ठिकाणी सुपरवायझर दहा वाक्यं भराभर वाचतो, मजूर रजिस्टरवर अंगठा उठवतो, डोक्यावर हेल्मेट चढतं आणि काम सुरू होतं. आबा असा अंगठा उठवू देत नसत. प्रत्येक नियम ते त्या माणसाकडून त्याच्याच बोलीत वदवून घेत. बेल्टचा हूक कशाला अडकवायचा हे त्याने हात लावून दाखवायचं. पहाडाच्या सैल बांबूला हात लावला तर पुन्हा पहिल्यापासून. मागे येणाऱ्या टिपरच्या पाठीशी उभं राहायचं नाही, कारण ड्रायव्हरला तिथला माणूस दिसत नाही. खोल खड्ड्याच्या कडांना आधार दिल्याशिवाय आत उतरायचं नाही, कारण आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि भिजली की सुटते. कारण कळलं नाही तर नियम दुपारपर्यंतही टिकत नाही, हा आबांचा अनुभव होता.

शेवटचा नियम मात्र त्यांनी २० ऑगस्ट २०२१ नंतर घातला होता. त्या दिवशी बीबीच्या शेजारीच, सिंदखेडराजा तालुक्यात दुसरबीडजवळच्या तढेगाव भागात, समृद्धी महामार्गाच्या कामावरचे मजूर आणि लोखंडी सळया एकाच टिपरमधून चालल्या होत्या. टिपर उलटला आणि १३ मजूर गेले. बहुतेक जण परराज्यांतून पोटासाठी इतक्या लांब आलेले. उंचावर नव्हे, खड्ड्यात नव्हे, वाटेतच त्यांना मरण आलं. तेव्हापासून आबा प्रत्येकाकडून म्हणवून घेत : मालाच्या गाडीत माणूस बसत नाही.

पुढे एका पुलाच्या कामावर टोळी लागली. टोळीत नुकतंच अठरा पूर्ण झालेलं एक पोरगं होतं. दुसऱ्याच सकाळी फाट्यावरून न्यायला जीप आली नाही, सळयांनी भरलेला टिपर आला. ड्रायव्हर म्हणाला, “जीप बिघडली. चढा लवकर, साहेब वाट पाहून राहिले.”

दुसऱ्या टोळीची माणसं भराभर चढली. आबांनी घड्याळ पाहिलं. काम सहा-सात किलोमीटरवर, उशीर झाला तर अर्धी हजेरी कापली जाणार. त्यांनी चाकावर पाय ठेवला.

पोरगं खालीच उभं होतं.

“चढ ना गड्या.”

“आबा, कालच त तुमी माझ्याकडून वदवून घेतलं.”

“आजच्या दिवस चालते.”

“मंग ते आजच्या दिवसासाठी नव्हतं का?”

आबा उतरले. त्यांच्या मागोमाग टोळीही उतरली. टिपर निघून गेला आणि ही माणसं रस्त्याच्या कडेने चालत निघाली.

त्या दिवशी टिपर सुखरूप पोचला. ही गोष्ट सांगताना मला हेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. टोळी घामाघूम होऊन पोचली तेव्हा टिपरवरून आलेले लोक निम्मं काम उरकून बसले होते आणि पोराची टिंगल करत होते. नियम मोडूनही सुखरूप पोचलेली अशी प्रत्येक गाडी माणसाला शिकवते की नियम फुकटचा आहे. तढेगावचा टिपर उलटला, त्याआधी सळया आणि माणसं एकत्र घेऊन असे किती टिपर सुखरूप पोचले असतील!

संध्याकाळी सुपरवायझरने टोळीची अर्धी हजेरी मांडली. आबांनी ती मुकाट्याने घेतली नाही. ते म्हणाले, “गाडी देणं तुमचं काम होतं. आम्ही चाललो, त्याचे पैसे आमच्याच खिशातून काहून?” आबांचं म्हणणं कायद्याला धरून होतं. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने कामावरच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकावर ठेवली होती, आणि ती त्याच्यावरच असायला हवी. १ ऑगस्ट २०२३ ला शहापूर तालुक्यात सरलांबे इथे गर्डर चढवणारं अवजड यंत्र कोसळून २० जण मरण पावले, तिथे खाली उभ्या मजुराने हेल्मेटचा पट्टा कितीही घट्ट बांधला असता तरी काय झालं असतं? मजुराने पाळायचे नियम त्याच्याकडून जरूर पाळून घ्यावेत. पण गाडी, यंत्र, पहाड, आधार या गोष्टी त्याच्या हातात नसतात. त्या ज्याच्या हातात आहेत त्यालाही कुणीतरी समोर उभं करून नियम वदवून घ्यायला हवेत.

सुपरवायझरने ऐकलं नाही. तेव्हा आबांनी स्वतःच्या कमिशनमधून प्रत्येकाची अर्धी हजेरी भरून दिली आणि टोळीला म्हणाले, “आज माझा पाय चाकावर होता. ह्यानं अडवलं. उद्या मी कुणाला चढताना दिसलो त तुमीबी अडवा, मी रागावलो तरी.”

तिसऱ्या दिवशी पुन्हा टिपरच आला. या खेपेला कुणीच चाकाजवळ गेलं नाही. दुपारी स्लॅब भरायचा होता, काँक्रीटची गाडी सांगून ठेवली होती आणि आबांच्या टोळीशिवाय ते काम उठणार नव्हतं. ड्रायव्हरने साहेबांना फोन लावला. पाऊण तासाने जीप आली. आबांची टोळी तिच्यात बसू लागली तशी दुसऱ्या टोळीतली माणसंही एकेक करून सळयांवरून खाली उतरली, आणि त्या सकाळी जीपला दोन खेपा कराव्या लागल्या.