रिकामा बाक

घरी केलेली प्रार्थना परमेश्वर ऐकतो. मग रविवारी चर्चला का जावे?

अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक वसाहतीत सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चचे भग्नावशेष आहेत. १५७९ साली बांधलेले हे चर्च १८४० मध्ये रोगाच्या साथीमुळे ओस पडले. भाविक मात्र मरोळला पुन्हा उपासनेसाठी एकत्र आले. छप्पर गेले, ख्रिस्तसभा टिकली.

२०२०च्या महामारीत आपली चर्चेस बंद झाली, तेव्हा पडद्यावरील मिस्साने आपल्याला आधार दिला. आजारी व वृद्धांना तो आजही हवाच. परंतु धडधाकट असून आपण घरीच बसलो, तर भिंती शाबूत राहूनही ख्रिस्तसभा ओस पडेल. पडद्यावर प्रवचन ऐकू येते. शेजारचा रिकामा बाक दिसत नाही. तिथे बसणारा का आला नाही, हे विचारणे हीदेखील उपासनाच आहे.